कानबाईचं पाणी

लीलाधर भिरूड गुरुजींना चीड यायला एरवीही फार काही लागत नसे. फळ्यावर लिहिताना खडू मोडला तरी पुरे होई. पण गेल्या तीन दिवसांत बोरटेक गावानं त्यांची जी गत केली होती ती पाहता, त्यांनी अजून कुणाच्या पाठीत छडी घातली नव्हती हेच विशेष म्हणायचं.

झालं होतं असं. तालुक्याहून कागद आला. पूर येणाऱ्या भागाचा नकाशा करायचा, आणि तो गावकऱ्यांच्या माहितीवरून, प्रत्यक्ष फिरून, डोळ्यांनी पाहून. जनगणनेला गुरुजी, मतदारयादीला गुरुजी, संडास मोजायला गुरुजी, आणि आता पाणी मोजायलाही गुरुजीच. कागदाबरोबर गावाचा मोठा नकाशा, एक तक्ता, निळ्या ऑइलपेंटचा डबा आणि एक ब्रश आला होता. गावात दहा ठिकाणी, भिंतीवर नाहीतर खांबावर, मोठ्या पुरात पाणी जिथवर चढलं होतं तिथे निळी रेघ मारायची आणि तीच उंची तक्त्यात लिहायची. तक्त्याच्या तळाशी बारीक अक्षरात एक ओळ होती: जिथे पाणी गुडघ्याच्या वर गेलं असेल, ती जागा घरांसाठी वापरू नये. मुदत मंगळवारची.

मोठा पूर म्हणजे सहा वर्षांपूर्वीचा. गुरुजी बदलून इथे आले त्याला तीनच वर्षं झालेली, त्यामुळे त्यांनी तो पाहिलेला नव्हता. नदीचं नाव कोरडी, आणि वर्षातले दहा महिने ती नावाला जागायची. पोरं तिच्या वाळूत क्रिकेट खेळत. पण सातपुड्यात पाऊस कोसळला की दोन तासांत ही बया असं काही रूप दाखवायची की केळीची बागच्या बाग आडवी. असं लोक सांगत. म्हणजे एरवी सांगत. गुरुजींनी हातात तक्ता घेतला आणि सांगेनासे झाले.

पहिल्या दिवशी ते चौकातल्या लखीचंद शेठच्या किराणा दुकानात गेले. नदीपासून शंभर पावलांवर दुकान. शेठनी खुर्ची दिली, चहा मागवला, पंखा गुरुजींकडे वळवला आणि म्हणाले, "पाणी? आपल्या चौकात? छे हो गुरुजी. भगवंताची कृपा आहे. थेंब नाही आला."

"शेठ, मागची अख्खी आळी बुडाली म्हणतात."

"आळी बुडाली असेल. दुकान नाही बुडालं. कोरडं लिहा." शेठच्या दुकानाच्या वर दोन खोल्या झालेल्या होत्या आणि त्या बँकेला भाड्यानं द्यायची बोलणी चालू होती, हे गुरुजींना उठताना कळलं.

दुसऱ्या दिवशी ते झुलाल आबांकडे गेले. आबांचं घर टेकडीवर, मारुतीच्या देवळाच्याही वर. तिथून खाली पाहिलं की गावाची कौलं दिसतात. आबा ओसरीवर अडकित्ता घेऊन बसले होते.

"लिखा गुरुजी," आबा म्हणाले. "मन्हा घरमा कंबरइतलं पानी व्हतं. बठ्ठं धान्य वाही गयं."

गुरुजींनी एकदा आबांकडे आणि एकदा खालच्या कौलांकडे पाहिलं. "आबा, तुमच्या घरात कमरेइतकं म्हणजे देऊळ बुडालं असेल."

"बुडनं व्हतं ना."

"कळससुद्धा?"

आबांनी सुपारी कातरली, तोंडात टाकली आणि थोडा विचार करून म्हणाले, "कळस नही. कळस दिसत व्हता." नुकसानीची यादी पुन्हा उघडणार अशी हवा गावात होती आणि ती सगळ्यात आधी टेकडीवर पोचली होती.

असं दोन दिवस चाललं. शेवटी गुरुजींनी तक्ता पुढे घेऊन हिशेब लावला, तर निघालं ते असं: टेकडीवरचे सगळे बुडाले होते आणि नदीकाठचे सगळे कोरडे होते. म्हणजे कोरडी नदी खालून वर वाहत होती. ज्याला मदत हवी त्याच्या घरात पाणी, ज्याला भाडेकरू किंवा सून हवी त्याच्या घरात धूळ. पूरखूण शोधावी म्हणून भिंती बघाव्यात, तर दर लग्नाला गावात चुना मारायची रीत, आणि सहा वर्षांत काय कमी लग्नं झाली होती? सगळ्या भिंती पांढऱ्याफटक. "ताकाला जातात आणि भांडं लपवतात," गुरुजी एकटेच पुटपुटले, "आणि हे लोक तर ताकाचंच नाव काढायला तयार नाहीत."

त्यात उपसरपंच योगराज रोज मागे. तरुण, गोड बोलणारा, आणि गोड बोलतो म्हणूनच गुरुजींच्या डोक्यात जाणारा. "गुरुजी, बाकी काय लिहायचं ते लिहा. फक्त खळवाडी कोरडी दाखवा. बारा घरकुलं मंजूर झालीत तिथे. सहा वर्षं पाठपुरावा केलाय मी."

खळवाडी म्हणजे गावाच्या खालच्या अंगाला असलेलं सखल मैदान. पूर्वी तिथे खळी होती, धान्य मळायचे. आता कडेला एक चिंच, मध्ये विजेचा एक खांब, बाकी मोकळं. खोलगट बशीसारखी जागा. तिथे पाणी साचलं नसेल असं म्हणायला माणूस योगराजच हवा. पण गावात दुसरी सरकारी जमीन नव्हती, आणि ही नामंजूर झाली की घरकुलं पुन्हा कागदात जाणार हे गुरुजींनाही कळत होतं. त्या बारा जणांच्या यादीत तिसरं नाव कुंदाबाईचं होतं, आणि खरी अडचण तीच होती.

कुंदाबाई शाळेत खिचडी शिजवायची. बुटकी, काटक, बोलायला कमी. तीन वर्षांत तिनं एकदाही भात करपवला नव्हता की गुरुजींशी खोटं बोलली नव्हती. तिचं मातीचं घर खळवाडीला लागून होतं. पुरात ते पडलं. तेव्हापासून ती, नवरा पुना, मुलगा वना आणि सून असे चौघं शाळेच्या मागच्या पत्र्याच्या खोलीत राहत होते. उन्हाळ्यात त्या पत्र्याखाली जिवंत माणूस कसा राहतो हे गुरुजींना कोडं होतं. आता सूनबाईचे दिवस भरत आले होते.

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर गुरुजी स्वयंपाकाच्या खोलीच्या दाराशी जाऊन उभे राहिले. "कुंदाबाई, तुम्ही तरी खरं सांगा. खळवाडीत पाणी किती होतं?"

ती पातेलं घासत होती. घासतच राहिली. "नही उनं."

"मग तुमचं घर कशानं पडलं?"

"जुनं व्हतं."

"नेमकं पुराच्याच रात्री जुनं झालं का ते?"

"व्हयनं," कुंदाबाई म्हणाली आणि पातेलं पालथं घातलं. मग मागे न पाहता हळूच म्हणाली, "यादीमा मन्हं नाव तिसरं शे, गुरुजी."

गुरुजींना तिचा राग आला, मग स्वतःचा आला, मग कागद पाठवणाऱ्याचा आला. तीन राग पोटात घेऊन ते चौकात काळीपिवळी जीपची वाट बघत लखीचंद शेठच्या पायरीवर येऊन बसले. घर होतं पिंप्राळ्याला, म्हणजे इथून चोपडा, चोपड्याहून जळगावची एसटी, आणि पुढे रिक्षा. त्यात उद्या रविवार, कानबाईचा. यावलकडच्या त्यांच्या गावी भाऊबंद जमणार, कानबाईच्या नैवेद्याचे रोट होणार, आणि थोरल्या भावाचा सकाळपासून तिसरा फोन येऊन गेला होता: येतोस की नाही? हे काम संपल्याशिवाय कसले रोट आणि कसलं काय.

दुकानात बायकांची झुंबड होती. कानबाई म्हणजे आपल्याकडे नारळाचीच देवी. श्रावणातल्या रविवारी तिला नथ-डोळे लावून चौरंगावर बसवायचं, रात्रभर गाणी म्हणायची, आणि सोमवारी सकाळी डोक्यावर घेऊन नदीवर बोळवायची. त्यामुळे शनिवारी नारळांना मागणी. एक बाई नारळ कानाशी हलवून म्हणाली, "शेठ, यंदा नदीमा पानी नही. कानबाई बोळवाले तापीवर जावं लागी."

"होतं असं," नारळ मोजत शेठ म्हणाले. "आणि त्या वर्षी आठवतं का? नदीवर जायचं कामच पडलं नाही. नदीच आली कानबाईकडे. दहा-बारा कानबाया माझ्या या दुसऱ्या पायरीवरून बोळवल्या. मीच हात देत होतो बायकांना."

गुरुजी त्याच दुसऱ्या पायरीवर बसले होते. त्यांनी खाली पाहिलं. मग वर पाहिलं. "शेठ. कुठल्या पायरीवरून?"

शेठची जीभ चावली गेली, पण क्षणभरच. व्यापारी माणूस. "ते कानबाईचं पाणी होतं, गुरुजी. ते वेगळं. तुम्ही विचारलं ते पुराचं."

काळीपिवळी आली, हॉर्न वाजवून गेली. गुरुजी उठले नाहीत. तीन दिवसांत पहिल्यांदाच त्यांचं डोकं शांत झालं होतं. या गावाला पाणी कुठवर आलं हे विचारायचंच नव्हतं. कानबाई कुठे बोळवली, हे विचारायचं होतं.

आणि मग गाव बोलायला लागलं. ज्यांनी तीन दिवस तोंडाला कुलूप लावलं होतं त्या बायका परातीत पीठ चाळता चाळता अंगणात येऊन हातानं जागा दाखवू लागल्या. आमनी कानबाई? दगडी ओट्याजवळ. आमनी दवाखान्याच्या भिंतीपाशी, तिथे पाणी लागलं. आमनी चिंचेखाली, खळवाडीच्या कडेला, सकाळी दहा वाजता, पाणी तेव्हा उतरत होतं. कुणी दोन पावलं इकडे म्हणे, तर तिची जाऊ म्हणे, नाही, तिकडे, मी फुगडी घालताना पडले होते ते विसरलात का? कानबाईच्या बाबतीत खोटं कोण बोलणार? टेकडीवर झुलाल आबांची सूनसुद्धा सहज सांगून गेली, "आमले तर लई लांब चालनं पडनं, गुरुजी. पार दवाखान्यापर्यंत पानी नव्हतं." ओसरीवर आबांचा अडकित्ता थांबला. गुरुजींनी तक्त्यातलं कमरेइतकं खोडून तिथे निरंक लिहिलं, आणि आबांनी ते पाहिल्याचं न पाहिल्यासारखं केलं.

संध्याकाळी नकाशावर टिंबं जोडली तर नदीच्या अंगानं वळत जाणारी एक स्वच्छ रेघ तयार झाली. बहुतेक ठिकाणी पाणी पहाटे किती जास्त होतं तेही ओघात कळलं होतं: पहाटे दुकानाच्या चौथ्या पायरीला, सकाळी दुसरीला. असं सगळं. फक्त खळवाडीत पहाटे किती होतं हे कुणी बोलेना. खांबापाशी सकाळी दहाला घोटाभर होतं, इथवर बायका यायच्या आणि मग पिठात बघायच्या. बारा नावं त्याच आळीतली होती.

दिवे लागायच्या आत गुरुजी पत्र्याच्या खोलीकडे गेले. कुंदाबाई दारात गहू निवडत होती. आत सून भिंतीला टेकून, पाय लांब करून बसली होती, आणि एवढ्याशा खोलीत त्या पायांपुढे जागाच उरली नव्हती.

"कुंदाबाई, त्या वर्षी तुमची कानबाई..." गुरुजींनी सुरुवात केली.

तिनं सूप खाली ठेवलं. "गुरुजी, तुमी पानीच इचारी ऱ्हायनात ना?"

गावात कुणालाच कळलं नव्हतं ते या बाईला अर्ध्या वाक्यात कळलं होतं.

"कानबाईना नाववर माले खोटं बोलता येत नही," ती म्हणाली. "अन खरं बोलनू तर हाई पोर आठेच बाळंत व्हई. पुढना उन्हाळा लेकरू आठेच काढी. देखा मंग, इचारतस का?"

सूनबाईनं पाय जवळ घेतले, गुरुजींना बसायला जागा करावी म्हणून. ते बसले नाहीत. "असू द्या," असं काहीतरी म्हणाले आणि निघून आले. रस्त्यात त्यांना स्वतःचा इतका संताप आला की समोर आलेल्या निरुपद्रवी शेळीलाही त्यांनी हाड म्हटलं.

रविवारी ते डबा-ब्रश घेऊन रेघा मारायला आले. गावभर पुरणाचा वास सुटला होता. आणि रोट म्हणजे भाऊबंदांनीच खायचे, परक्याला त्यातला कण द्यायचा नाही अशी रीत. त्यामुळे एवढ्या वासात भिरूड गुरुजी सकाळपासून केळ्यांवर होते. नऊ रेघा झाल्या. दहावी खळवाडीच्या खांबावर मारायची होती. योगराज तिथे आधीच येऊन उभा होता.

"सकाळी दहाला घोटाभर होतं ना, गुरुजी? बायकांनीच सांगितलं. मग घोटाभर मारा."

"दहाला घोटाभर होतं. पहाटे किती होतं?"

"तक्त्यात वेळेचा रकाना आहे का?"

गुरुजींनी तक्ता पाहिला. वेळेचा रकाना नव्हता. कार्यालयातल्या कुणा शहाण्यानं बाकी तेवीस रकाने काढले होते, आईचं नावसुद्धा विचारलं होतं, पण वेळ विचारायचं सुचलं नव्हतं.

"मग खोटं कुठे आहे त्यात?" योगराज गोड आवाजात म्हणाला.

गुरुजींना त्या पत्र्याच्या खोलीतले लांब केलेले पाय आठवले. ते खाली वाकले आणि खांबावर घोट्याइतक्या उंचीवर निळी रेघ मारली. एका दमात मारली, कारण दुसरा विचार आला असता. उठताना गुडघा वाजला. चार दिवस ज्या गावाला खोटारडं खोटारडं म्हणून शिव्या घातल्या, त्याच गावात आपणही नाव घालून घेतलं, हे त्यांना नीट कळत होतं. तरी बरंही वाटत होतं, आणि बरं वाटतंय याचीच त्यांना लाज वाटली.

सोमवारी शाळेत पोरं येणारच नव्हती. गुरुजी आले ते फोटो काढायला. प्रत्येक रेघेचा फोटो तक्त्याला जोडायचा होता, आणि रेघ पुसट आली असेल तर म्हणून रंगाचा डबा पिशवीत होता. खळवाडी शेवटी ठेवली होती. खांबापाशी पोचेपर्यंत नऊ वाजून गेले आणि मागून डफांचा आवाज आला.

मिरवणूक खळवाडीतूनच नदीकडे उतरायची. पाऊस परवा वर कुठेतरी झाला होता, नदीला पोटरीभर पाणी आलं होतं, त्यामुळे बायका खुशीत होत्या. एकामागे एक चौरंग डोक्यावर, त्यावर नथ घातलेली कानबाई, पुढे फुगड्या, मागे पोरंसोरं. योगराज टोपी घालून बाजूनं चालत होता. गुरुजी खांबाच्या आडोशाला सरकले, पण खांब तो केवढा. शेवटच्या रांगेत कुंदाबाई होती. एक हात चौरंगाला, एक मोकळा.

ती खांबाजवळ आली आणि थांबली. खाली पाहिलं.

"गुरुजी, हाई काय?"

"पूरखूण," गुरुजी म्हणाले.

"इतलीशी?"

मागची बाई म्हणाली, "कुंदाबाई, चाल ना व." कुंदाबाई म्हणाली, "थांब व जराशी." मग ती वळली आणि चौरंग डोक्यावर तसाच ठेवून तिनं खांबाला पाठ टेकली. ताठ उभी राहिली. डफ वाजवणारे पुढे गेले होते, ते थांबून बघू लागले.

"त्या दिन पहाटले बी हाईच डोकावर व्हती," ती म्हणाली. ती कुणा एकाशी बोलत नव्हती. "मांगे जावाले घर नव्हतं, पुढे पाय ठरत नव्हता. आठे टेकीसन उभी ऱ्हायनू. चिंचवरथून दोर फेकापावत." तिनं मोकळा हात आडवा करून स्वतःच्या मानेशी धरला. "पानी आठे व्हतं."

सगळ्यांना माहीत होतं. दोर फेकणारे दोघं तर तिथेच उभे होते आणि जमिनीकडे बघत होते.

योगराज पुढे आला. आज गोडवा नव्हता. "कुंदाबाई, शहाणपणा करू नको. एकट्या तुझं घर नाही. बारा घरं आहेत."

"मन्हं बी नाव शे त्यामा," मागून एक बाई रडवेल्या आवाजात म्हणाली.

"माले माहीत शे, बाई," कुंदाबाई म्हणाली. "मन्हं बी शे. पन हाईले डोकावर लिसनी मी त्या रेघसमोरथून कशी जाऊ? तूच सांग."

आता गुरुजींचा बांध फुटला. चार दिवसांचा सगळा संताप एकदम वर आला. "अहो, मग हे शनिवारी का नाही सांगितलं? मी दारात आलो होतो ना? रेघ मारायच्या आधी सांगायला काय झालं होतं?"

कुंदाबाईनं त्यांच्याकडे पाहिलं. तिला राग आलेला नव्हता, तेच वाईट होतं. "शनवारले तुमी इचारंच नही, गुरुजी. तुमी निंघी गयात."

भिरूड गुरुजींनी पिशवीतून डबा काढला. झाकण उघडेना, तर योगराजच्याच हातातल्या मोटारसायकलच्या किल्लीनं उघडावं म्हणून हात पुढे केला. योगराजनं किल्ली दिली नाही. मग त्यांनी पिशवीतल्या लोखंडी पट्टीनं झाकण उचकटलं. कुंदाबाईनं मानेशी बोट धरलं, ते तसंच खांबावर टेकवलं आणि मग बाजूला झाली. बोट हलवलं नाही. गुरुजींनी त्या बोटाखालून रेघ ओढली. रेघ जरा वाकडी आली, आणि ब्रशचा रंग तिच्या बोटाला लागला.

"बारा घरं बुडवलीत तुम्ही, गुरुजी," योगराज म्हणाला आणि निघून गेला.

डफ पुन्हा सुरू झाले, पण हळू. बायका पुढे सरकल्या. त्यांतल्या काहींनी कुंदाबाईला वाट दिली, काहींनी तोंड फिरवलं. उन्हानं मानेवर घाम आला होता, तो तिनं चालता चालता हातानं पुसला, आणि बोटाचा निळा रंग मानेवर आडवा उमटला. तिला ते कळलं नाही. मानेवर निळी रेघ आणि डोक्यावर कानबाई अशी ती नदीकडे उतरत गेली.

गुरुजींनी टेप लावला. चार फूट एक इंच. तक्त्यात लिहिलं, फोटो काढला. मग त्यांचं लक्ष खालच्या रेघेकडे गेलं. एका खांबावर दोन रेघा असून चालणार नव्हतं. त्यांनी रुमालानं घासून पाहिलं, मग थुंकी लावून, मग बसकण मारून दगडानं खरवडायला लागले. रेघ जाईना. उभ्या नोकरीत त्यांना मिळालेल्या सरकारी वस्तूंपैकी एकही धड निघाली नव्हती. खुर्च्या मोडल्या होत्या, घंटा फुटली होती, संगणक तर खोक्यातच मेला होता. आणि हा रंग मेला एका रात्रीत दगडासारखा पक्का झाला होता.

किती वेळ ते खरवडत होते कोण जाणे. सावली पडली म्हणून वर पाहिलं, तर कुंदाबाई नदीवरून परत आली होती. रिकामा चौरंग काखेत, पदराचा काठ ओला. ती त्यांच्या हातातल्या दगडाकडे बघत होती.

"ऱ्हाऊ द्या, गुरुजी," ती म्हणाली. "दहा वाजता पानी आठेच व्हतं."

गुरुजींनी दगड खाली ठेवला. उद्याच तालुक्याला जाऊन जागेसाठी दुसरा अर्ज देऊ, असं काहीतरी त्यांना बोलायचं होतं, पण अर्जाचं नाव ओठावर येताच त्यांचं त्यांनाच ते नकोसं झालं. कुंदाबाई तोपर्यंत शाळेच्या मागे पत्र्याच्या खोलीकडे वळली होती. सून दारात पोट धरून उभी राहून तिची वाट बघत होती.